गळकं जंगल

पाऊस थांबून वीसेक मिनिटं झाली होती, पायवाटेवरच्या मोकळ्या जागेत आकाश उघडलं होतं, आणि झाडाखाली मात्र अजून पडतच होतं. यात नवीन काही नाही, पावसात जंगलात उभं राहिलेल्या कुणालाही माहीत असतं की तिथे पाऊस दोनदा पडतो, एकदा ढगातून आणि एकदा झाडातून. पण मी इतकी वर्षं या दुसऱ्या पावसाला उशिरा पोचलेला पहिला पाऊसच समजत होते, म्हणजे पाणी तेच, फक्त पानांवर जरा टेकून आलेलं. त्या दिवशी उगाच एका बुंध्याला हात लावून उभी होते आणि सालीवरून तांबूस पाण्याचा एक ओघळ बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून थेट बाहीत शिरला, पांढऱ्या बाहीवर पडलेला डाग दोनदा धुऊनही गेला नाही, आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं की ढगात तर हा रंग नसतो, मग हा आला कुठून?

त्या डागामागे लागून मी बरंच वाचलं, काही बाटल्या बांधल्या, काही फुकट घालवल्या, त्याचीच ही गोष्ट.

गळणं या एका क्रियापदावर आपण मराठीत किती काय लादलंय बघा. पान गळतं, केस गळतात, छप्पर गळतं, नळ गळतो, अवसानही गळतं. पण पानगळीचं जंगल म्हटलं की डोळ्यासमोर फक्त पहिलं गळणं येतं, देठातून सुटून गिरक्या घेत खाली येणारं पान. शाळेत आपण सगळ्यांनी ते चक्र काढलंय, पान पडतं, कुजतं, मुळं ते शोषतात, परत पान येतं, बाणाला बाण जोडलेला. पाऊस त्या चित्रात कोपऱ्यात असायचा, एक ढग आणि तीन तिरक्या रेघा, चित्र भरलेलं दिसावं म्हणून. चित्र चूक नव्हतं, पण अर्धं होतं. कारण पान झाडावर असतानाच गळत असतं. छपरासारखं, नळासारखं गळत असतं, आणि हे दुसरं गळणं पाऊस करून घेतो.

आधी पाण्याचं काय होतं ते. जंगलावर पडलेल्या पावसाच्या तीन वाटा होतात. काही पाणी पानांवर, फांद्यांवर, सालीवरच्या शेवाळात अडकतं आणि तिथूनच वाफ होऊन परत जातं, जमिनीचं तोंडही बघत नाही, पानगळी जंगलात हा वाटा साधारण १० ते ३० टक्के असतो. सगळ्यात मोठा भाग, ७० ते ९० टक्के, पानांमधल्या फटींतून सरळ किंवा पानांवरून निथळून खाली येतो. आणि उरलेलं थोडंसं, बहुतेक ठिकाणी १ ते ५ टक्के, फांद्यांवरून खोडाकडे आणि खोडावरून ओघळत बुंध्याशी उतरतं. माझ्या बाहीत शिरलं ते हे शेवटचं.

आता ५ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण हे ५ टक्के सगळ्या जमिनीवर पसरत नाहीत ना, एका बुंध्याभोवतीच्या वीतभर जागेत ओतले जातात, अख्ख्या फांदोऱ्यावर पडलेल्या पावसाचा हिस्सा एका ठिकाणी. झाड म्हणजे उलटी धरलेली छत्री असं कुणीतरी म्हटलेलं ऐकलं होतं, ते काही झाडांना चपखल बसतं. बीच या युरोप-अमेरिकेतल्या झाडाची साल गुळगुळीत असते, फांद्या वर चढत्या कोनात, त्यामुळे पाणी विनासायास घरंगळत येतं. ओकची साल खडबडीत, भेगाळलेली, ती आधी स्वतः भिजते, पोटभर पिते आणि मग उरलं तर सोडते. दोन झाडं शेजारी उभी असली तरी त्यांच्या पायाशी पडणारं पाणी वेगळं, आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं की बुंध्याजवळची मातीही वेगळी होत जाते, बीचच्या बुंध्यालगतची माती दोन पावलांवरच्या मातीपेक्षा जास्त आम्लधर्मी सापडते. शिवाय हे पाणी बुंध्याशी थांबत नाही, जाड मुळांच्या कडेकडेने खोल उतरतं. वर फांद्यांनी गोळा केलं, खाली मुळांनी वाटलं.

हे झालं पाण्याचं. त्यात काय असतं ते खरं मजेशीर.

पावसाचं पाणी अगदी शुद्ध असतं हा एक गोड गैरसमज आहे. ढगातून निघतानाच त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएचही (आम्लतेचं माप, ७ च्या जितकं खाली तितकं आम्ल जास्त) ७ नसतो, ५.६ च्या आसपास असतो. विजेमुळे तयार झालेलं थोडं नायट्रेट, कुठून कुठून आलेला अमोनिया, समुद्रावरून उडालेलं मीठ, धूळ. तरीही झाडावर पोचेपर्यंत ते बऱ्यापैकी पातळ, कंगाल पाणी असतं. झाडावर दोन गोष्टी होतात. एक, कोरड्या दिवसांत पानांवर बसलेली धूळ आणि हवेतले बारीक कण धुऊन निघतात, हे समजायला सोपं. दुसरी गोष्ट मला पटायला वेळ लागला, पानाच्या आतलं बाहेर येतं.

हे माहीत होऊन दोनशेच्या वर वर्षं झालीयेत खरं तर. निकोला-थिओडोर द सोस्यूर या स्विस माणसाने १८०४ मध्येच पाण्याने धुतलेल्या पानांतून क्षार निघून जातात हे दाखवलं होतं. मग १९५० च्या दशकात किरणोत्सर्गी अणू हाताशी आल्यावर झाडाला ते खाऊ घालून, पानांवर पाणी शिंपडून, खाली आलेल्या पाण्यात तेच अणू मोजता आले, म्हणजे धूळ की आतला माल या वादाला जागाच उरली नाही. खनिजं तर येतातच, साखर येते, अमिनो आम्लं येतात, टॅनिनसारखी रंगीत द्रव्यंही. माझ्या बाहीवरचा डाग या शेवटच्या मंडळींचा, आणि त्यात सालीचा हात मोठा.

यातला हिरो म्हणजे पोटॅशियम. कॅल्शियम बरंचसं पेशींच्या भिंतीत गुंतलेलं असतं, भिंतीत बसवलेल्या दगडासारखं, नायट्रोजन आणि फॉस्फरस प्रथिनांत आणि बाकीच्या मोठ्या रेणूंत बांधलेले. पोटॅशियम मात्र कुणाशीच संसार थाटत नाही. पेशीरसात सुटा आयन (विद्युतभार असलेला कण) म्हणून फिरत असतो, पाण्याचा दाब सांभाळतो, पर्णरंध्रं उघडतो-मिटतो, कामं सगळी करतो पण राहतो भाड्याच्या खोलीत. त्यामुळे पानावर पाण्याचा थर जमला की तो सगळ्यात आधी सामान उचलतो. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेपल-बीच-बर्चच्या जंगलात पावसातून वर्षाला हेक्टरी जेमतेम एखादा किलो पोटॅशियम येतं आणि फांदोऱ्याखाली मोजलं तर ते ३० किलोच्या आसपास भरतं. मी हा आकडा वाचला तेव्हा दशांश चिन्हाची चूक असेल म्हणून परत वाचला. म्हणजे जमिनीकडे परतणाऱ्या पोटॅशियमचा मोठा भाग पानगळीची वाटच बघत नाही, पान हिरवंगार असतानाच पावसाबरोबर निघून जातो. नायट्रोजन, फॉस्फरस, कॅल्शियम यांच्या बाबतीत शाळेतलं चित्र बरोबर, ते मुख्यतः पडलेल्या पानातूनच येतात. पोटॅशियमसाठी मात्र कोपऱ्यातला तो ढग चित्राच्या मध्यभागी आणायला हवा होता.

मग मलाही खुमखुमी आली. तीन बाटल्या, तीन फनेल. एक मोकळ्यावर, एक झाडाखाली, आणि तिसरीसाठी रबरी पाइप उभा चिरून खोडाभोवती तिरका गुंडाळला, वर सिलिकॉन लावलं, खालचं टोक बाटलीत. (रिसर्चवाले खरंच असंच करतात, फक्त त्यांचं गळत नाही.) मोजायला टीडीएसचं पेन. ते कुठलं खनिज किती हे सांगत नाही, एकूण विरघळलेलं किती याचा अंदाज देतं, पण माझ्या कुतूहलाला तेवढं पुरेसं होतं. पहिल्याच पावसानंतर आकडे बघितले आणि मी जवळजवळ उडी मारली, मोकळ्यावरच्या बाटलीत अगदी किरकोळ, खोडाच्या बाटलीत त्याच्या बरंच वर, आणि झाडाखालच्या बाटलीत तर प्रचंड. मी मनातल्या मनात निष्कर्ष लिहूनही टाकले. मग फनेल धुवायला घेतलं तर त्याच्या कडेला पक्ष्याने केलेला कार्यक्रम दिसला. नंतर कळलं की सगळ्याच ठिकाणी हे दुखणं आहे, पाण्यात फॉस्फेट आणि अमोनियम अचानक जास्त दिसलं की ते सॅम्पल पक्ष्यांच्या नावे फेकून देतात. पुढच्या वेळी फनेलवर जाळी लावली. आकडे उतरले, क्रम मात्र बदलला, मोकळ्यावर सगळ्यात कमी, झाडाखाली त्याहून जास्त, खोडावर सगळ्यात जास्त.

आणखी एक लक्षात आलं, की पावसाच्या सुरुवातीचं पाणी वेगळं आणि शेवटचं वेगळं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सगळ्यात दाट, मग पातळ होत जातं. आणि धो धो कोसळून निघून जाणाऱ्या सरीपेक्षा तासन् तास चाललेली रिपरिप पानांतून जास्त काढून घेते, कारण पाण्याला पानावर नुसतं बसायला वेळ मिळतो. मला पूर्वी रिपरिप पावसाचा कंटाळा यायचा, आता तेवढा येत नाही.

बरं, धूळ किती आणि आतलं किती हे वेगळं कसं करायचं? इथे एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडली. सोडियम. झाडाला सोडियममध्ये फारसा रस नसतो, पानं ना ते घेतात ना देतात. म्हणजे झाडाखालच्या पाण्यात पावसापेक्षा जेवढं जास्त सोडियम सापडलं तेवढं सगळं बाहेरून येऊन पानांवर बसलेलं. मग त्याच प्रमाणात बाकीचे क्षारही बाहेरून आलेत असं धरायचं आणि उरलेलं झाडाच्या नावे मांडायचं. ज्याचा या घेण्यादेण्यात काडीचा संबंध नाही त्यालाच साक्षीला उभं करायचं.

आणि सगळं नुसतं जातंच असंही नाही. नायट्रोजनचं उलटं होतं. जिथे हवा बऱ्यापैकी स्वच्छ आहे तिथे पावसातलं अमोनियम आणि नायट्रेट वरच्या वर पानं, सालीवरचे दगडफूल आणि सूक्ष्मजीव टिपून घेतात, खाली पोचणाऱ्या पाण्यात ते वरच्यापेक्षा कमी सापडतं. म्हणजे एकच थेंब, एकाच पानावर, पोटॅशियम घेऊन नायट्रोजन ठेवून जातो. अर्थात अळ्यांनी पानं कुरतडायला घेतली की हा हिशोब बिघडतो, त्यांची विष्ठा आणि कुरतडलेल्या कडा पाऊस धुतो आणि नायट्रोजन एकदम वाढतो, मावा असला तर त्याचा चिकट गोड रस उतरतो. वर कोण राहतंय यावर खाली काय ठिबकणार ते ठरतं, कुठल्याही बहुमजली इमारतीसारखं.

आम्लपावसाचा भाग मला सगळ्यात जास्त चकवून गेला. पावसात हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा आणणारे कण, जास्त असले की पान ते घेतं आणि बदल्यात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडतं, त्यामुळे पानगळी झाडाखाली पडणारं पाणी बरेचदा ढगातल्या पाण्यापेक्षा कमी आम्लधर्मी असतं. वाचून मला बरं वाटलं, वा, झाडाने जमिनीवरचा वार स्वतःवर घेतला. पुढचं पान उलटलं आणि उत्साह मावळला. पानातून गेलेले क्षार भरून काढायला मूळ मातीतून तेवढेच उचलतं, आणि ते उचलताना बदल्यात मातीत हायड्रोजन आयन सोडतं. म्हणजे वर अडवलेलं आम्ल झाडाच्या आतल्या हिशोबातून फिरून खाली मातीतच जमा. वाटेत फक्त पत्ता बदलला.

हे सगळं गळतंय तर मग जंगल रिकामं का होत नाही? हा प्रश्न नीट मोजून विचारला गेला तो अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक या जंगलात. वनखात्याने १९५५ मध्ये ते पाण्याच्या अभ्यासासाठी राखलं, आणि १९६३ पासून हर्बर्ट बोरमन, जीन लायकन्स, नॉय जॉन्सन आणि रॉबर्ट पीअर्स यांनी तिथे खनिजांचा ताळेबंद मांडायला घेतला. कल्पना साधी, खाली घट्ट कातळ, पाणी खोल मुरून पळून जायला वाव नाही, त्यामुळे एका छोट्या ओढ्याचं पाणलोट म्हणजे जणू एक बंद खोली. पावसातून काय आलं ते वर मोजायचं, इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या बंधाऱ्यावर ओढ्यातून काय गेलं ते खाली मोजायचं. गंमत म्हणजे पहिल्याच वर्षी त्यांना पावसाचा पीएच ४ च्या आसपास सापडला, स्वच्छ पावसापेक्षा चाळीसेक पट आम्लधर्मी, आणि शोधायला गेलेले एक अन् हाताला लागलं दुसरंच असं होऊन उत्तर अमेरिकेतल्या आम्लपावसाची गोष्ट तिथून सुरू झाली.

धडधाकट जंगलातून ओढ्यात फारच थोडं जात होतं. वरून गळतं, खाली झेललं जातं. पडलेल्या पानांच्या थरातून पाणी जातं तेव्हा आणखी खनिजं, आणखी रंग घेऊन उतरतं, पण लगेच खाली वरच्या काही इंचांत बारीक मुळांचं आणि बुरशीच्या धाग्यांचं असं दाट जाळं असतं की थेंबाला सुटका नाही. चिकणमाती आणि ह्यूमसच्या (पूर्ण कुजलेल्या पालापाचोळ्याच्या) कणांवर ऋण भार असतो, ते पोटॅशियम-कॅल्शियमला धरून ठेवतात. नायट्रेट स्वतःच ऋण, त्याला माती धरत नाही, त्याला धरायला जिवंत मुळं आणि सूक्ष्मजीवच लागतात. आणि हे तपासायला त्यांनी काय केलं, तर १९६५ च्या हिवाळ्यात साडेपंधरा हेक्टरच्या एका अख्ख्या पाणलोटातली झाडं कापली. लाकूड बाहेर नेलं नाही, रस्ता केला नाही, सगळं तिथेच आडवं, आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून नवीन काही उगवू दिलं नाही. मला हा प्रयोग आवडत नाही, वाचताना प्रत्येक वेळी पोटात कसंतरी होतं, पण उत्तर मिळालं ते दुसऱ्या कुठल्या रीतीने इतकं लख्ख मिळालं नसतं. ओढ्याचं पाणी पहिल्या वर्षी ३९ टक्क्यांनी वाढलं. त्यातलं नायट्रेट चाळीसेक पट झालं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेलं, आणि त्याच्याबरोबर कॅल्शियम आणि पोटॅशियमही कैक पटींनी वाहून गेलं, कारण नायट्रेट तयार होताना मातीत सुटलेल्या आम्लाने त्यांना कणांवरून ढकलून दिलं होतं. पाऊस तोच, माती तीच, कुजणंही चालूच. फक्त घेणारं कुणी नव्हतं.

तिथलीच आणखी एक गोष्ट, ही जरा सौम्य. बर्फ वितळतं तेव्हा पाणी भरपूर वाहतं पण झाडांना अजून पानं फुटलेली नसतात, मग खनिजं निसटायला हवीत. त्या मधल्या काही आठवड्यांत जमिनीवर ट्राउट लिली नावाची इवलीशी रोपं उगवतात, वर सावली धरायच्या आत फुलतात, वाढतात, आणि झाडांची पानं आली की कुजून जातात. बोरमन आणि रॉबर्ट म्युलर यांनी १९७६ मध्ये मांडलं की हा एक बांध आहे, निसटणारं पोटॅशियम आणि नायट्रोजन ती झाडांसाठी तात्पुरतं धरून ठेवतात. पुढे काही ठिकाणी मोजणाऱ्यांना दिसलं की खरा धरणारा मातीतले सूक्ष्मजीव, लिलीचा वाटा त्यामानाने छोटा. असेल. मला तरीही ती लिली आवडते.

थंडीने नाही तर कोरड्या ऋतूने पानं गाळणारी जंगलं असतात, सागासारख्या झाडांची, तिथे हिशोब निराळ्या वेळी बसतो. महिनोन् महिने पानांचा थर कोरडा पडून राहतो, माती तापते, आणि मग पहिला पाऊस पडतो तेव्हा फांद्या उघड्या किंवा नुकत्या फुटलेल्या. सुकून मेलेल्या सूक्ष्मजीवांचं आणि कोरड्या कचऱ्याचं त्या ओलीत झपाट्याने विघटन होतं, काही दिवस मातीतून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन उसळून येतो, पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ च्या सुमारास हे दाखवलं म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे (झाडाशी संबंध नाही, योगायोग). सागाचं आणखी एक, त्याच्या थाळीएवढ्या पानावर पाणी जमून मोठे, जड थेंब पडतात, ढगातल्या थेंबांपेक्षाही मोठे, आणि खाली झुडपं किंवा पालापाचोळा नसला तर ते मातीच उडवतात. झाड आहे म्हणजे माती सुरक्षित, असं सरसकट नसतं.

आणि पानगळ? झाड पान टाकण्याआधी त्यातला निम्म्याच्या आसपास नायट्रोजन आणि फॉस्फरस परत खोडाकडे ओढून घेतं, घर सोडताना पंखे-दिवे काढून न्यावेत तसं. पोटॅशियमचाही काही भाग निघतो. पण त्याच दिवसांत पिकत्या पानाची कातडी झिजलेली, पेशी सैल पडलेल्या, आणि तेव्हाच पाऊस आला तर पान सगळ्यात जास्त गळतं. झाड आत ओढतंय आणि पाऊस बाहेर, दोघांत कोण आधी पोचतं यावर पडलेल्या पानात काय उरणार ते ठरतं.

पानं सगळी पडून गेल्यावर मी पाइप काढायला गेले होते. मला वाटलं आता काय येणार, पानंच नाहीत. खोडाची बाटली काठोकाठ भरून बाहेर सांडली होती, पानांचा आडोसा गेल्यावर पाऊस थेट फांद्यांवर पडतो आणि खोडावरून जास्तच उतरतो हे मी वाचलेलं होतं, तरी विसरले होते. पाणी अजून तांबूसच. टीडीएसचं पेन घरी राहिलं होतं. मी बाटली बुंध्याशी उलटी केली, पाणी मुळाच्या कडेने एका भोकात गेलं, दिसेनासं झालं, आणि पाइप तसाच ठेवून परत आले.